विश्लेषण : वैमानिकाच्या मांडीवर कोणता टॅब? आयपॅडची सद्दी कशी आली आणि ती किती भरवशाची?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी घरचे सोने किंवा शेत गहाण टाकून कर्ज काढणारी मुले बारामती, गोंदिया, धुळे इथल्या धावपट्ट्यांवर दिसतात. या मुलांच्या खर्चाच्या यादीत गेल्या काही वर्षांत आणखी एक ओळ वाढली आहे : टॅब्लेट. नकाशे, विमानतळांचे तक्ते, हवामान, वजनाचा हिशेब, मार्गावर विमान नेमके कुठे आहे ते दाखवणारा ठिपका, हे सगळे आता मांडीवर बांधलेल्या आठ-दहा इंची पडद्यावर मिळते. प्रश्न एवढाच, की तो पडदा कोणाचा असावा? आयपॅड, अँड्रॉइड की विंडोज? वरवर पाहता हा मोबाइलच्या दुकानातला वाद वाटतो. पण या निवडीपायी मोठ्या विमान कंपन्यांनी हात पोळून घेतले आहेत आणि टॅब नीट बांधून न ठेवल्याने माणसे दगावलीही आहेत.

बॅगेतले कागद टॅबमध्ये कसे गेले?

१९३० च्या दशकात एलरे जेपसेन हा अमेरिकी टपालविमानांचा वैमानिक एका छोट्या वहीत नोंदी ठेवू लागला. धावपट्टीची लांबी किती, डोंगर कुठे, उतरण्यासाठी वळायचे कुठून, अशा त्या नोंदी. इतर वैमानिक प्रती मागू लागले, तेव्हा तो त्या १० डॉलरला विकू लागला. १९३४ मध्ये त्याची कंपनी झाली आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या वैमानिकांच्या काळ्या बॅगेत ‘जेपसेन’चे जाडजूड बाइंडर असत. नवी पाने टपालाने यायची. जुनी काढून नवी लावण्यात वैमानिकाची सुटी जायची आणि एखादे पान चुकीच्या जागी लागले तर ते नेमके धुक्यात उतरताना कळायचे.

एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला. फेब्रुवारी २०११ मध्ये एक्झिक्युटिव्ह जेट मॅनेजमेंट या खासगी जेट चालवणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या एफएएने कागदी तक्त्यांऐवजी आयपॅड वापरण्याची मुभा दिली. त्यासाठी केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला तर आयपॅडचे काय होते, याचीही चाचणी घेण्यात आली. त्याच वर्षी अलास्का एअरलाइन्स आणि युनायटेड यांनी आपल्या वैमानिकांच्या हाती आयपॅड दिले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत तो वापरण्याची परवानगी मिळाली. प्रत्येक वैमानिकाची सुमारे १६ किलोची बॅग गेली. इंधनाची बचत वर्षाला किमान चार लाख गॅलन, म्हणजे बारा लाख डॉलर, असा त्या कंपनीचा हिशेब होता.

हा वेग लक्षात घेण्याजोगा आहे. विमानात एखादा नवा दिवा बसवायचा तरी मंजुऱ्यांना वर्षे लागतात. इथे घरात सिनेमा पाहण्यासाठी बनवलेली वस्तू दोन वर्षांच्या आत कॉकपिटमध्ये जाऊन बसली. त्याचे कारण तांत्रिक आहे, तसेच कायदेशीरही. टॅब विमानाचा भाग मानला जात नाही. तो वैमानिकाबरोबर येतो आणि जातो, त्यामुळे त्याला विमानाच्या उपकरणांसारखे प्रमाणपत्र लागत नाही. विमान कंपनीने कोणता टॅब, कोणते अ‍ॅप, कशा पद्धतीने वापरायचे याची मंजुरी आपल्या नियामकाकडून घ्यायची असते. भारतात तो नियामक म्हणजे डीजीसीए.

आयपॅडच का जिंकला?

यात काही प्रमाणात योगायोग आहे. २०१० मध्ये दिवसभर चालणारी बॅटरी, बोटाने मोठा-लहान होणारा नकाशा आणि परवडणारी किंमत या तिन्ही गोष्टी एकत्र देणारे दुसरे काही बाजारात नव्हते. पण सद्दी टिकली ती वेगळ्या कारणाने. नकाशांचे अ‍ॅप लिहिणाऱ्या छोट्या कंपनीला आयपॅडची मोजकीच मॉडेल तपासावी लागतात. अँड्रॉइडवर तेच अ‍ॅप शेकडो पडदे, डझनावारी चिप आणि प्रत्येक उत्पादकाने आपल्या मर्जीने बदललेल्या प्रणालीवर चालवून पाहावे लागते. पबजी अडखळले तर पोरगा चिडतो. उतरण्याच्या तक्त्याचे पान अडखळले तर तक्रार कुठे जाईल, हे अ‍ॅप बनवणाऱ्याला ठाऊक असते.

अमेरिकेतील सर्वात प्रसिद्ध अ‍ॅप ‘फोरफ्लाइट’. ते आजही फक्त आयपॅड आणि आयफोनवर चालते. २०१९ मध्ये बोइंगने ही कंपनी विकत घेतली. जेपसेन आधीपासूनच बोइंगकडे होती. २०२५ मध्ये या दोन्ही कंपन्यांसह आपला डिजिटल व्यवसायाचा मोठा हिस्सा बोइंगने थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीला १०.५५ अब्ज डॉलरना विकण्याचा करार केला. जेपसेनच्या दहा डॉलरच्या वहीचा प्रवास इथवर आला. एअरबसने आपले ‘फ्लायस्मार्ट’ २०१२ मध्ये आयपॅडवर आणले. गार्मिन मात्र आपले ‘गार्मिन पायलट’ आयपॅड आणि अँड्रॉइड या दोन्हींवर देते. युरोपात लोकप्रिय असलेले ‘स्कायडेमन’ही दोन्हींकडे आहे.

म्हणजे टॅब निवडून मग अ‍ॅप शोधण्याचा क्रमच उलटा आहे. ज्या प्रदेशात उडायचे आहे तिथले नकाशे कोणते अ‍ॅप देते, ते आधी पाहायचे. टॅब त्यातून आपोआप ठरतो. दुकानात मात्र नेमके उलटे घडते, कारण दुकानदार टॅब विकतो, नकाशे नाही.

डेल्टाने वेगळी वाट धरली, तिचे काय झाले?

सप्टेंबर २०१३ मध्ये डेल्टा एअरलाइन्सने प्रतिस्पर्ध्यांच्या विरुद्ध जाऊन ११ हजार वैमानिकांसाठी मायक्रोसॉफ्टचा ‘सरफेस २’ निवडला. कारण चुकीचे नव्हते. दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी उघडी ठेवता येत होती आणि तेव्हा आयपॅडवर ते शक्य नव्हते. एकीकडे तक्ता, दुसरीकडे नियमपुस्तिका, ही वैमानिकाची खरी गरज आहे.

पण सरफेस २ ज्या विंडोज आरटी प्रणालीवर चालत होता, तिच्यासाठी अ‍ॅप लिहायला फारसे कोणी पुढे आले नाही. २०१५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने तो टॅब बनवणेच थांबवले. २०१८ मध्ये डेल्टाने वैमानिकांना आयपॅड प्रो देण्याचे ठरवल्याच्या बातम्या आल्या. तोवर दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी दाखवायला आयपॅडही शिकला होता.

डेल्टाने वाईट यंत्र निवडले, असा याचा अर्थ काढणे सोपे आहे, पण तो अपुरा आहे. तिने निवडलेले यंत्र कामाला चांगलेच होते. ज्या वस्तीत ते राहायला गेले ती वस्तीच उठली. टॅबचे आयुष्य चार-पाच वर्षे असते, तर विमान तीस वर्षे उडते. ‘हे यंत्र आज किती चांगले आहे’ यापेक्षा ‘पाच वर्षांनी यावर नकाशे येत राहतील का’ हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो. जुना टॅब घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो लागू आहे. २०१५ चा ‘आयपॅड मिनी ४’ बाजारात स्वस्तात मिळतो, पण तो आयपॅडओएस १५ वरच अडकला आहे. अ‍ॅप पुढे गेले की तो टॅब सिनेमा पाहण्यापुरता उरतो.

अँड्रॉइड खरोखर मागे आहे का?

अ‍ॅपच्या संख्येत आहे. यंत्रात नाही, आणि ही बाब आयपॅडप्रेमी सहसा सांगत नाहीत. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. सिमवाले महाग मॉडेल घेतले तरच ते मिळते. सिम घातले नाही तरी जीपीएस चालते, पण मॉडेल मात्र तेच लागते. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त आयपॅड उचलणाऱ्या कित्येकांना हे पहिल्या उड्डाणाच्या दिवशी कळते. नकाशा उघडतो, ठिपका येत नाही. त्याउलट सॅमसंगच्या ‘टॅब एस’ मालिकेत वाय-फाय मॉडेललाही जीपीएस असते. त्याच कंपनीच्या ‘टॅब अ‍ॅक्टिव्ह’ मालिकेत तर बॅटरी हाताने बदलता येते. लांबच्या एकट्या उड्डाणावर निघालेल्या शिकाऊ वैमानिकाला खिशात दुसरी बॅटरी असण्याचा आधार फार मोठा असतो.

अँड्रॉइडची खरी अडचण वेगळी आहे. बॅटरी वाचवण्याच्या नादात अनेक कंपन्यांचे टॅब मागे चालणारे अ‍ॅप परस्पर बंद करतात. वैमानिक हवामान पाहायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो आणि परत येतो तोवर नकाशा पुन्हा पहिल्यापासून उघडू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येते, पण प्रत्येक कंपनीच्या टॅबवर ती जागा वेगळी. आयपॅडही या बाबतीत सोवळा नाही. जागा कमी पडली की न वापरलेली अ‍ॅप आपोआप काढून टाकण्याची सोय त्यात आहे. ती चालू राहिली तर महिनाभर न उघडलेले नकाशाचे अ‍ॅप ऐन वेळी पुन्हा उतरवायला इंटरनेट मागते.

प्रणालीच्या नव्या आवृत्तीचेही असेच. २०१५ मध्ये आयओएस ८.३ आली आणि ब्लूटूथने जोडलेल्या बाहेरच्या जीपीएस यंत्रांशी आयपॅडचे बिनसले. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. तेव्हापासून अनुभवी वैमानिक ‘आता अद्ययावत करा’ या सूचनेकडे काही आठवडे सरळ दुर्लक्ष करतात. नकाशांचा डेटा मात्र दर २८ दिवसांनी बदलतो आणि तो वेळेवर भरावाच लागतो. एका सूचनेला लगेच होकार आणि दुसरीला थांब म्हणायचे, हे शिकवावे लागते.

विदर्भाच्या उन्हात काय होते?

या विषयावरचे बहुतेक सल्ले अमेरिकेतून येतात आणि ते वाचताना एक आकडा निसटतो. आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात चालावा असा बनवला आहे, असे अ‍ॅपल स्वतः सांगते. गोंदियात मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ च्या पुढे जातो. धावपट्टीवर उभ्या असलेल्या छोट्या सेस्नाच्या काचेखाली तो किती असेल, याची कल्पना उन्हात उभी केलेली मोटार उघडणाऱ्या कोणालाही आहे. अशा वेळी आयपॅड आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी ‘थंड होऊ द्या’ असा संदेश दाखवून नकाशाच बंद करतो. हवेत वर गेल्यावर गारवा मिळतो, पण सर्वात गरज असते ती जमिनीजवळ, निघताना आणि उतरताना.

उन्हासमोर अँड्रॉइडही लोटांगण घालतो. दणकट बांधणीचे टॅब थोडे जास्त सोसतात, पण त्यांचे पडदे लहान आणि चिप मंद असते. इथे ब्रँडपेक्षा सवयी कामाला येतात. टॅब विमानात ठेवून चहाला जायचे नाही. पूर्ण चार्ज करूनच न्यायचा, कारण उन्हात चार्जिंग केले की तो आणखी तापतो. काचेवर चिकटवण्याऐवजी मांडीवर, सावलीत बांधायचा. जाड रबरी कव्हर पडण्यापासून वाचवते, पण उष्णता आत कोंडते. आणखी एक छोटी गोष्ट : ध्रुवीकृत काचांचा गॉगल घातला तर काही टॅब एका दिशेने धरल्यावर पूर्ण काळे दिसतात. विकत घेण्यापूर्वी दुकानात गॉगल लावून टॅब आडवा-उभा फिरवून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता विचित्र नजरेने पाहील, पण पाहू द्यावे.

अमेरिकी सल्ल्यांतील आणखी दोन गोष्टी इथे चालत नाहीत. तिथे ९७८ मेगाहर्ट्झवर सरकारकडून हवामानाची माहिती मोफत प्रसारित होते आणि हातभर आकाराचाही नसलेला रिसीव्हर ती थेट टॅबवर दाखवतो. भारतात ती सेवा नाही. त्यामुळे त्या रिसीव्हरवर पैसे घालवून उपयोग अर्धाच. दुसरी गोष्ट उपग्रहाद्वारे संदेश पाठवणाऱ्या हातातल्या यंत्रांची. भारतात ती परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे परदेशी पाहुण्यांना पोलीस ठाणे पाहावे लागले आहे.

नकाशावरचा ठिपका किती खरा?

पुण्याचे खासदार आणि केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, प्रामुख्याने अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये हस्तक्षेपाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. मोठ्या विमानात उपग्रहांशिवाय जागा सांगणारी जडत्वावर चालणारी यंत्रणा असते आणि जमिनीवरच्या केंद्रांचे संकेतही मिळतात. टॅबकडे उपग्रह सोडून काही नाही. खोटा संकेत आला तर ठिपका तितक्याच आत्मविश्वासाने चुकीच्या गावावर जाऊन बसतो, मग टॅब कोणाचाही असो. म्हणूनच टॅबवरचा ठिपका दिशाज्ञानाचे मुख्य साधन मानला जात नाही. खिडकीबाहेरची नदी आणि रेल्वेचा रूळ पाहून जागा ओळखण्याचे शिक्षण अजून अभ्यासक्रमात आहे, ते उगाच नाही.

दोन्ही टॅब एकाच वेळी बंद पडले तर?

हे घडून गेले आहे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या काही डझन विमानांना उशीर झाला, कारण आयपॅडवरील नकाशांचे अ‍ॅप उघडताच बंद पडू लागले. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक तक्ता डेटामध्ये दोनदा आला होता आणि अ‍ॅपला ते झेपले नाही. काही विमाने धावपट्टीकडे जाताना परत फिरली, कारण अ‍ॅप पुसून पुन्हा भरायला वाय-फाय हवे होते.

कॉकपिटमध्ये दोन वैमानिक आणि दोन टॅब असतात ते एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. पण दोन्हींवर तेच अ‍ॅप, तोच डेटा, तीच प्रणाली असेल तर दुसरा टॅब हा पर्याय उरत नाही. ती पहिल्याचीच नक्कल असते. दोन्ही इंजिनांना एकाच टाकीतून भेसळीचे इंधन द्यावे, तसा हा प्रकार. आयपॅडच्या सद्दीवरचा सर्वात गंभीर आक्षेप हाच आहे आणि तो आयपॅडच्या गुणवत्तेशी संबंधित नाही. विमान कंपन्या यावर सांगतात, की दोन प्रणाली ठेवल्या तर प्रशिक्षण, मंजुरी आणि देखभाल दुप्पट होते. ते खरे आहे. पण मग किमान दोन टॅबमध्ये नवा डेटा एकाच रात्री भरू नये, एवढी शिस्त तरी परवडण्यासारखी आहे.

चुका माणसाच्याही असतात. मार्च २००९ मध्ये मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या विमानाचे वजन कॉकपिटमधील लॅपटॉपमध्ये ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले. एका आकड्याच्या फरकाने शंभर टन गायब झाले. विमानाला उडण्याइतका जोर मिळेना, शेपूट धावपट्टीवर घासली आणि विमान कसेबसे हवेत गेले. कोणी दगावले नाही, ते नशीब. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या इडाहो राज्यात वणवा विझवणाऱ्या चिनूक हेलिकॉप्टरमध्ये नीट न बांधलेला आयपॅड पेडलजवळ अडकला आणि दोन्ही वैमानिक मरण पावले, असे तेथील अपघात तपास मंडळाचा अहवाल सांगतो. प्रोसेसर, पडदा आणि मेमरी यांच्या तुलनेचे तक्ते वाचणारे लोक टॅब बांधायच्या पट्ट्याचा उल्लेखही करत नाहीत.

मग शिकाऊ वैमानिकाने काय घ्यावे?

आपली प्रशिक्षण संस्था आणि तिथले प्रशिक्षक जे अ‍ॅप वापरतात, ते ज्यावर चालते तो टॅब. बहुतेक ठिकाणी याचे उत्तर आयपॅड मिनी, सिमवाले मॉडेल, असे येईल. आठ इंची पडदा सेस्नाच्या दांड्याला अडत नाही. दहा-अकरा इंची टॅब घरी अभ्यासाला छान, पण छोट्या कॉकपिटमध्ये तो दांडा मागे ओढताना पोटात टोचतो. पैसे कमी असतील तर जीपीएस असलेला चांगला अँड्रॉइड टॅब आणि गार्मिनचे अ‍ॅप यात कमीपणा काही नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे तक्ते पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर खुले असतात. ते दोन्हींवर साठवता येतात आणि इंटरनेटशिवाय उघडतात.

दुसरा टॅब घेण्याची गरज नाही, कारण दुसरा पडदा खिशात आधीच आहे. आयपॅड असेल आणि फोन अँड्रॉइडचा असेल तर उत्तमच. फोनवर वेगळ्या कंपनीचे अ‍ॅप आणि त्याच पीडीएफ ठेवल्या की दोन प्रणाली, दोन अ‍ॅप आणि दोन जीपीएस फुकटात मिळतात. मोठ्या विमान कंपन्यांना जे महाग पडते ते विद्यार्थ्याला सहज जमते. उरलेल्या पैशांतून मांडीला घट्ट बसणारा पट्टा घ्यावा. त्याखाली घडी घातलेला कागदी नकाशा आणि एक पेन्सिल मावते.